दोन वर्षांचं अंतर

शनिवारी जेवणं उरकली की आई टीव्हीसमोर खाली बसायची, वर्तमानपत्र पसरायची आणि मेथी निवडायला घ्यायची. मी मागे सोफ्यावर. सिंगापुरात टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधला हा गेल्या वर्षीचा नेम. टीव्हीवर चिनी मालिका चालायची, खाली इंग्रजी ओळी यायच्या आणि त्या मी तिला मराठीत वाचून दाखवायचे. आईला इंग्रजी येतं, पण ओळी पळतात आणि तिचे डोळे भाजीत असतात.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. "मी तुला मिस करते," असं मी नायिकेच्या वतीने म्हटलं की आई देठ मोडता मोडता म्हणायची, "आठवण येते म्हण. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरची बाई, तिला नीट बोलू दे."

नायिका एका कंपनीत वरिष्ठ होती आणि नायक तिच्या हाताखाली नवा लागलेला. चौथ्या भागात तो तिला विचारतो आणि ती म्हणते, मी तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे. ती ओळ मी बदलली. मी वाचलं, "मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे."

"दोन तर दोन," आई म्हणाली. "एवढा चेहरा पाडायला काय झालं तिला?"

मी एकतीस वर्षांची होते. वन-नॉर्थ भागातल्या माझ्या ऑफिसात एक मुलगा होता, चोवीस वर्षांचा, नाशिकचा. पहिले सहा महिने मीच त्याला काम शिकवलं. तो दुसऱ्या टीममध्ये गेल्यावर आम्ही बाहेर भेटायला लागलो. त्याला माझ्या घरी यायचं होतं. दर आठवड्याला तो विचारायचा, "रविवारी येऊ?" आणि मी म्हणायचे, "पुढच्या." शेवटी एकदा, अजिबात न चिडता, त्याने विचारलं, "तुला माझी लाज वाटते का?" मी नाही म्हटलं, पण मध्ये फार वेळ गेला. त्यानंतर त्याने रविवारचं विचारणं बंद केलं.

म्हणून मी आईला आधी मालिकेतले ते दोघे आवडू द्यायचं ठरवलं. दोन पचली की हळूहळू वर्षं वाढवू, असा माझा बेत होता. तो किती मूर्खपणाचा होता हे पुढच्याच भागात कळलं. नायिका कॉलेजात असताना नायक प्राथमिक शाळेत होता. मी त्याला दहावीत नेऊन बसवलं. प्रत्येक ओळीआधी मी मनात वजाबाकी करायचे.

"ही जरा थोराड दिसते ग," आई एकदा म्हणाली.

"ऑफिसचं टेन्शन असतं, आई."

"हो का? मग तू अजून बरी दिसतेस म्हणायची."

आमच्या समोरच्या दारातली चिनी आंटी हीच मालिका बघते, हे मला ठाऊक नव्हतं. एका शनिवारी सकाळी ती आईला लिफ्टपाशी भेटली. दुपारी आई नेहमीप्रमाणे बसली, पण टीव्ही लावला नाही.

"आंटी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, टेन इयर्स ओल्डर, लाह. मी म्हटलं, टू. तर हसायला लागली. दोन्ही हातांची बोटं दाखवली मला." आई मागे वळली नाही. "आठ वर्षं कुठे गेली?"

मी सोफ्यावरची उशी मांडीवर ओढली.

"तुझं इंग्रजी एवढं कच्चं नाही. कोण आहे?"

"ऑफिसमधला," मी म्हणाले.

"किती लहान?"

"सात."

"सातच ना? की यातूनही काही कापलीस?"

"सातच."

तिने हातातली जुडी निवडून संपवली. मग आईने रिमोट उचलला. "लावते. आणि आज शब्द न् शब्द वाच."

त्या भागात नेमकी नायकाची आई नायिकेच्या ऑफिसात येते. मी वाचत गेले. तुम्हाला तुमच्या वयाचं कोणी मिळालं नाही का. माझ्या मुलाला अजून जग कळत नाही. चार वर्षांनी त्याला तुमच्याकडे बघवेल का. माझा आवाज बारीक होत गेला, पण एकही शब्द मी गाळला नाही. पडद्यावर नायिका मान खाली घालून उभी राहिली. ओळ आली नाही.

"ती काय म्हणते?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तो आहे ना तिच्याबरोबर? मग बोलत का नाही?"

"भीती वाटते, आई."

आईने टीव्ही बंद केला. "तुझा तो कधी येतो म्हणतोय?"

"आता विचारत नाही."

"मग तू विचार." तिने वर्तमानपत्राची टोकं गोळा केली. आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. "मी हो म्हटलेलं नाही. बघते म्हटलंय. आणि तुझ्या बाबांना मी सांगणार नाही, ते तू सांगायचंस. वय आधी सांग, बाकीचं नंतर."

बाबा आतल्या खोलीत काकांशी फोनवर बोलत होते. मी दाराशी जाऊन त्यांचं बोलणं संपायची वाट बघत उभी राहिले आणि 'सात' हा शब्द मनातल्या मनात म्हणून बघितला.