बर्फावरचं लोटांगण

पातळ बर्फावर माणसांनी एकमेकांपासून दहा पावलं लांब राहायचं असतं. एवढी साधी गोष्ट चार मराठी माणसांना जमत नाही, हे मी स्वानुभवानं सांगते.

जपानमधल्या त्सुकुबाहून आम्ही गाडीनं डोंगरातल्या गोठलेल्या तळ्यावर गेलो होतो. मी, नवरा आणि आमच्याच इमारतीतलं एक जोडपं. हंगाम नुकताच उघडला होता आणि माझ्या लॅबमधल्या बाईंचे वडील आम्हाला ट्राउट मासे धरायला शिकवणार होते. आजोबा ऐंशीला टेकलेले. तरी पुढे तेच. लोखंडी पहारीनं बर्फ ठोकायचे, भोक पाडून जाडी बघायचे, मगच पुढचं पाऊल. काठापासून फार लांब न जाता त्यांनी आम्हाला गळाची एकेक दोरी देऊन चार भोकांपाशी बसवलं. "एका जागी जमायचं नाही," हे त्यांनी तीनदा सांगितलं. आम्हीही तीनदा वाकून होकार दिला.

दोन तास काही नाही. आणि मग माझी दोरी खेचली गेली! मासा वीतभरच, पण ठिपकेदार, गुलाबी पट्ट्याचा, असा काही तडफडत वर आला की माझं भान सुटलं. "लागला! लागला!" मी किंचाळले. मग काय, "बघू, बघू!" करत तिघंही धावत आले. शेजारणीनं मासा उचलला, शेजाऱ्यानं फोन काढला. "अरे, जवळ या ना, मासा दिसत नाहीये!" आम्ही आणखी जवळ सरकलो.

पायाखाली कडाड वाजलं. बुटांभोवती पाणी आलं.

"झोपा! लांब व्हा! लोळत जा!" आजोबा लांबून ओरडले. देवळातही उभ्याउभ्या हात जोडून निघणारा माझा नवरा चक्क लोटांगण घालत काठाकडे निघाला. त्याच्या मागे शेजारी, मग शेजारीण. मला हसू आवरेना. हसता हसता कोपरं भिजली, खालचा बर्फ कुरकुरला आणि हसू पळालं. मी सगळ्यात मागे राहिले होते. मला फार भीती वाटली. आणि नवऱ्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

रागानं अंगात बळ आलं. "पळपुटा मेला," असं पुटपुटत मी सरपटत होते, तोच एक दोर सप्पकन नाकासमोर पडला. आजोबांनी तो काठावर तयार ठेवला होता. नवरा काठावर पालथा पडून त्याचं दुसरं टोक धरून होता. मी धरला, त्यानं ओढलं आणि मी पोटावर घसरत काठाला लागले.

"मला टाकून पळालास?" उठायच्या आधीच मी विचारलं.

"दोर इकडे होता," तो म्हणाला.

शेजारीण हसायला लागली, मग शेजारी, मग मीही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. "सोड आता दोर," मी म्हणाले. त्याला तो सोडताच येईना. शेवटी आजोबांनी त्याच्याजवळ बसून त्याचं एकेक बोट उघडलं.