"वकील नको, साहेब"

मंडळी, बदलापूरच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय. घरी जायला पाय उचलत नाहीये.

माझा धाकटा भाऊ संदीप उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला आहे. काल तिथे दोन कारागिरांची जुंपली आणि एकाच्या पोटात कात्री गेली. सोडवायला मध्ये पडलेल्या संदीपचंही नाव तक्रारीत आलं. कलम तीनशेसात, म्हणजे खुनाचा प्रयत्न!

आज त्याला कोर्टात आणलं. बाबांनी आधीच बजावलं होतं, "वकील चोरांना लागतो. तू फक्त खरं बोल."

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "वकील आहे का? नसेल तर कोर्टाकडून फुकट मिळेल."

संदीपने बाबांकडे बघितलं. "वकील नको, साहेब. मी काही केलंच नाही."

पोलिसांनी कोठडी मागितली. विरोध करायला कुणीच नव्हतं. मिळाली.

बाहेर मी एका वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "अगं, निर्दोष माणसालाच वकील आधी लागतो. तो भांडण सोडवत होता, हे आज कुणी मांडलंच नाही. या कलमात जामीन सहज मिळत नाही." उद्या त्यांच्याकडे जायचंय.

इतका राग आलाय, पण काढू कुणावर? बाबा रिक्षात मला म्हणाले, "बघितलंस, पोरगा जराही घाबरला नाही. सोडतील उद्या."

आता घरी आईलाही ते हेच सांगत असतील. तुम्ही माझ्या जागी असता, तर आज त्यांना खरं सांगितलं असतं?