नियोजन विभाग, चिक्की विभाग

देशाच्या पंचवार्षिक योजना दिल्लीत आखल्या जातात, असा लोकांचा भाबडा समज आहे. त्या लोणावळ्यात, आमच्या मावशीच्या चिक्कीच्या दुकानामागे, तिच्या यजमानांच्या आरामखुर्चीत आखल्या जात. या काकांनी आयुष्यात गुळाचा खडा फोडला नाही, पण धंद्याची 'दिशा' ठरवल्याशिवाय कुणाला फोडूही दिला नाही. दुकानात माणसं चार : काका, मावशी, आणि कुरवंड्याहून कामाला येणाऱ्या भागूबाई व तिची जाऊ. त्यांचे काकांनी तीन विभाग पाडले होते. मावशी म्हणजे विक्री, त्या दोघी म्हणजे उत्पादन आणि स्वतः काका म्हणजे नियोजन. भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा होता. वलवणच्या वाण्याकडेसुद्धा आमची चिक्की मिळत नव्हती, पण नकाशावर ती चौथ्या वर्षी दिल्लीत पोचलेली होती.

रोज सकाळी बैठक भरे. अध्यक्ष अर्थात काकाच. त्यांच्या परवानगीशिवाय कुणी उठायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. एकदा त्यांनी विचारलं, "आपल्या धंद्यातली मुख्य उणीव कोणती?"

"सरपान वलं हाय," भागूबाई म्हणाली, "धूर लय व्हतो."

काकांनी सरपण 'विचाराधीन' ठेवलं. ते पुढे आपोआप वाळलं असावं.

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण एका वैशाखात मुंबईचा एक व्यापारी माल पाहायला यायचा होता. त्याने माल उचलला तर पावसाळ्यातही भट्टी चालणार होती. नाहीतर हंगाम संपला की त्या दोघींना घरी बसवावं लागे, आणि ते सांगायचं काम दरवर्षी मावशीच्या वाट्याला येई. त्या सकाळी मावशी पुढे गिऱ्हाइकांत अडकली होती. मागे पाक चुलीवर होता आणि काकांना 'अंतिम आढावा' घ्यायची हुक्की आली.

"मालक, पाक आलाय. उतरू का?" भागूबाईने विचारलं.

"मध्ये बोलायचं नाही. उत्पादन हा तिसरा विषय आहे."

पाकाला विषयांचा क्रम ठाऊक नव्हता. व्यापारी दुकानाची पायरी चढला आणि त्याच्या स्वागताला करपलेल्या गुळाचा वास पुढे आला. मावशी मागे धावली. तोवर कढई काळी ठिक्कर पडली होती. काका मात्र पाहुण्याला नकाशापुढे उभं करून दिल्लीचा रस्ता दाखवत होते. त्या भल्या गृहस्थाने सगळं ऐकून घेतलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून तो निघाला.

"योजना झकास आहे," तो जाताना म्हणाला. "चिक्की झाली की कळवा."

ज्येष्ठात भट्टी बंद झाली. त्या दोघींना या वेळी काकांनी स्वतः सांगितलं. काय बोलले कोण जाणे, पण परत आले ते नकाशा उतरवायलाच. त्यानंतर बैठक भरली नाही. मला आधी हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गल्ल्यावर मुकाट्याने पुड्या बांधणारा तो माणूस बघवेना.

दिवाळीच्या तोंडावर मावशीनेच विषय काढला. "अहो, पुढच्या वर्षाचं काही ठरवलंत का?"

काकांनी दोऱ्याची गाठ मारली. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून हे तीन शब्द ऐकायला मावशी आसुसली होती. ते ऐकले आणि तिने पदर डोळ्यांना लावला.