काकांच्या लिलीतली कोथिंबीर

अख्ख्या नागावात फुलांकडून वेळापत्रक पाळून घेणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहतो. काका जन्मभर बस स्टँडवर कंट्रोलर होते. रिटायर झाले, पण कंट्रोल सुटला नाही. आता अंगणात लिलीच्या कुंड्या ओळीनं लागलेल्या असतात आणि सकाळी चहाचा कप घेऊन काका पाहणीला निघतात. गुलाबी पावसाळी लिली चार सरी पडल्या की उगवते, म्हणून ती जादा गाडी. पांढरी, लांब पाकळ्यांची स्पायडर लिली संध्याकाळी उमलते, म्हणून मुक्कामी गाडी. केशरी लिली एकदा दोन दिवस उशिरा फुलली, तर काका आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते.

मी या काकांची नक्कल करून नाव कमावलं. नाव म्हणजे काय, आईबाबांच्या होमस्टेत चादरी बदलणारा एवढीच माझी ओळख, त्यात थोडी भर. गणपतीतल्या कार्यक्रमात मी नाक दाबून म्हटलं, “काशीदकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे,” आणि लोक हसून लोळले. काका पहिल्याच रांगेत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “‘प्रवाशांनी’ म्हटलं की जरा थांबायचं रे. लोकांना पिशव्या उचलायला वेळ लागतो.”

त्यांची सगळ्यात लाडकी लिली म्हणजे मे महिन्यातली, लाल, चेंडूसारखी गोल. वर्षातून एकदा फुलणार, आठवडाभर टिकणार. काकींनी लग्नानंतर श्रीवर्धनहून, माहेरून, तिचे कांदे पदरात बांधून आणले होते. काकी तीन वर्षांपूर्वी गेल्या. मग एका वादळात अंगणात पाणी तुंबलं, कांदे कुजले, त्यांतला एकच वाचला. तो फुलला की काका आठवडाभर रोज संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. मी एकदा विचारलं, “काका, एवढं काय बोलता?” तर म्हणाले, “घरातलंच.”

गेल्या थंडीत ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलीकडे निघाले. फाटकाची चावी माझ्या हातात दिली आणि त्या कुंडीकडे बोट केलं. “हिला पाणी न्हाय घालायचं. कांदा झोपलाय. माती कोरडी दिसली तरी न्हाय.”

“काका, मी काय लहान आहे?”

लहान असतो तर बरं झालं असतं. मी मोठा होतो, शिकलेला होतो, म्हणून मला डोकं चालवायचं सुचलं. एवढी शेणखताची माती रिकामी बघवेना. धणे रगडले आणि टाकले. कांद्याला वरून तेवढंच पांघरूण, असं आईला पटवूनही दिलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. कोथिंबीर अशी आली की गेस्ट फोटो काढायचे. सुरमईच्या कालवणावर मी स्वतः मूठ मूठ पेरली. काकांचा फोन आला की त्यांच्याच आवाजात सांगायचो, “सर्व गाड्या वेळेवर आहेत.” ते पलीकडे हसायचे.

मार्चमध्ये काका परतले. कुंडीपाशी काठी टेकून उभे राहिले. कोथिंबिरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “उपट.”

कांदा हातात आला तो पिकलेल्या चिकूसारखा मऊ. वास तर विचारू नका. मी शिव्यांची वाट बघत होतो. काकांनी चाकू मागितला. कुजलेलं कापत कापत गेले, शेवटी लिंबाएवढा तुकडा उरला. त्याला चुलीतली राख लावली, सावलीत सुकवला आणि त्याच कुंडीत कोरड्या वाळूत ठेवला.

“जगेल?” मी विचारलं.

“बघू.”

मे आला. फूल नाही. काकांनी तरी खुर्ची टाकली. दोन दिवस मी कुंपणाआडून बघितलं, तिसऱ्या दिवशी जाऊन पायरीवर बसलो. काकांनी मला बघितलं, पण बोलले कुंडीशीच. “यंदा न्हाय गं. पोरावर रागवू नकोस. हिरवं दिसावं म्हणून केलंन त्यानं.”

इतकी वर्षं ज्यांच्या आवाजावर मी लोकांना पोट धरून हसायला लावलं, त्यांचा तो आवाज मला आजही काढता येत नाही.

जूनमध्ये एका सकाळी आमच्या दारात काठी वाजली. दुखऱ्या गुडघ्यानं काका स्वतः आले होते.

“पान हाय,” म्हणाले. “करंगळीएवढं.”

कसलं पान ते मी विचारलं नाही. चप्पल न घालताच निघालो.