जप करणारे मासे

सोमवारी तळ्यातले मासे मेले. माझी परीक्षा तेरा दिवसांवर होती.

मॅट्रिकला मी दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्या खेपेला आत्या नवस बोलली: चिठ्ठीवर रामनाम लिहायचे, चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालायची आणि गोळी देवळामागच्या तळ्यातल्या माशांना घालायची. अशा एक लाख. पास झालो तर पुण्याचे कॉलेज, नाही तर भोरच्या कचेरीत कागदांच्या नकला करणे, असे वडिलांनी ठरवले होते. मी पुण्याला जावे ही इच्छा आत्याची. तिला स्वतःला चौथीतून काढले होते. माझी गोष्टींची पुस्तके ती माझ्या आधी वाचून संपवी. शास्त्राच्या पुस्तकाला मात्र हात लावत नसे.

नवस तिचा, पण अक्षर माझे बरे, म्हणून चिठ्ठ्या मी लिहायच्या. रोज पाचशे. त्या लिहून झाल्यावर अभ्यासाला वेळ उरत नसे, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आले नाही.

तळे लहान. माशांनी पहिले काही महिने गोळ्या आवडीने खाल्ल्या. मग त्या तळाशी बसू लागल्या. फाल्गुनात पाणी आटले. एके दिवशी आभाळ भरून आले, वारा पडला, आणि धुणे धुवायला आलेली शेजारीण आत्याला म्हणाली, "आक्का, मासं बघा की. समदं वर येऊन तोंड उघडत्यात नि मिटत्यात. काय म्हनत असतील?"

आत्याने बराच वेळ निरखून पाहिले.

"राम म्हणतायत गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे गाव काठावर. पुजाऱ्याने आरती केली. लोकांनी घरून पीठ आणले, कुणी गव्हाचे, कुणी ज्वारीचे, कुणी नाचणीचे, आणि तळ्यात ओतले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे देवाशी कधी पटल्याचे मला ठाऊक नव्हते. तोसुद्धा माशांबरोबर तोंड उघडून मिटू लागला.

मी शास्त्राच्या पुस्तकात वाचले होते की पाण्यात हवा विरघळलेली असते आणि मासे तीच घेतात. तळाशी काही कुजले की ती संपते, आणि गुदमरलेले मासे वर येऊन तोंडे उघडतात. ते पान मला पाठ होते. मी आत्याशेजारी उभा राहून आरतीला टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मासे पोट वर करून तरंगत होते.

"आता ह्ये खायाचं का न्हाई?" म्हाताऱ्याने विचारले.

"पोटात राम हाय त्येंच्या," शेजारीण म्हणाली. "तळायचं कसं?"

"रामाला आदी भाईर काढू की."

पुजाऱ्याने माशांना मोक्ष मिळाल्याचे जाहीर केले. दुपारपर्यंत मोक्षाचा वास देवळात येऊ लागला, तेव्हा त्यांना जांभळीखाली पुरले.

आत्या काठावर बसून होती. तिने ओंजळीत पाणी घेऊन हुंगले.

"पीठ आंबलंय," ती म्हणाली. "मीच मारले रे."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मी शास्त्राचे पुस्तक ते पान उघडून तिच्यापुढे ठेवले. तिने ते दोनदा वाचले.

"हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"लाखाला चारच हजार कमी होत्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग हसू लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना.

"ताट वाढ माझं," ती म्हणाली. "इतका आपमतलबी मुलगा नापास होणं शक्यच नाही."

मी नापास झालो. शास्त्रात तेवढा पास.

कचेरीत मात्र साहेबांनी अर्जावरचे अक्षर पाहूनच मला ठेवून घेतले. शहाण्णव हजार वेळा तेच लिहिले की कुणाचेही अक्षर सुधारते. आत्या पुढे सांगत असे की नवस जेवढा झाला तेवढा फळला.

गेल्या पौषात ती गेली. तळ्यात मासे पुन्हा झाले आहेत. पीठ टाकायला गावाची बंदी आहे. तिच्या ट्रंकेत तिच्याच अक्षरात लिहून ठेवलेल्या चार हजार चिठ्ठ्या आहेत.