कु. चिमी आणि चि. बंडू

आमचे मामा रोज सकाळी कुत्र्याला उचलून त्याचं वजन सांगायचे. दारात यायचं, चिमीच्या पोटाखाली एक हात, छातीखाली दुसरा, आणि उचलून क्षणभर डोळे मिटायचे. मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर करायचे, "चौदा किलो! काल पावशेर जास्त व्हती. जेवली न्हाईस का गं रातीला?"

चिमी शेपूट हलवायची. मग बंडूची पाळी. बंडूला हे प्रकरण अजिबात आवडायचं नाही. तो चारी पाय ताठ करून, मान वळवून, दवाखान्यात आणलेल्या पोरासारखा माझ्याकडे बघत राहायचा.

मामा परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्यांची तूर, सोयाबीन, हरभरा तोलण्यात त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली. हातात धरलं की वजन कळतं, असा त्यांचा दावा होता. माझी त्यांच्या घरासमोर छापखान्याची छोटी जागा आहे. एकदा मी हट्टानं बंडूला माझ्या रद्दीच्या काट्यावर उभं केलं. मामांच्या अंदाजात आणि काट्यात शंभर ग्रॅमचा फरक निघाला. मी खूश झालो. मामा शांतपणे म्हणाले, "प्रेसवाले, काटा दाखवून घ्या तुमचा."

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. ते जाऊन आता दोन वर्षं झाली. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेलच, जो असताना आपण त्याला हसतो आणि गेल्यावर कळतं की आपली सकाळ त्याच्यापासून सुरू होत होती.

घरात मामा, मामी, एकुलती एक मुलगी सुवर्णा, आणि ही दोघं. चिमी मोंढ्यात तुरीच्या पोत्यांमागं सापडलेली, तळहाताएवढी असताना मामांनी टोपीत घालून आणलेली. बंडू आपल्या पायांनी आला आणि गेलाच नाही. मामी रोज तोंडानं बोलायच्या, "ह्यांच्यापायी बेजार हाय बघा मी." आणि हातानं, लेकरांसाठी थापतात तशा दोन छोट्या चानक्या तव्यावर टाकायच्या. चिमीला दुधात चुरून, बंडूला वरणात. अदलाबदल झाली तर दोघंही तोंड लावायची नाहीत.

घर शंकराच्या भक्तीचं. मामांच्या गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. पूजा आटोपली की कपाळाला विभूती लावायची आणि उरलेल्या विभूतीची बोटं चिमी-बंडूच्या कपाळावर ओढायची. ती दोघंही रांगेत बसून असायची. घर अर्थातच शाकाहारी, आणि बंडूही शाकाहारी आहे असं मामांचं ठाम मत होतं. चौकातल्या हॉटेलमागं बंडू दुपारचं काय खातो, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण असल्या गोष्टी सांगून कुणाचं भलं होत नाही, म्हणून मी गप्प राहिलो.

मग सुवर्णाला सेलूचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला, शांत, आणि मुख्य म्हणजे सुवर्णाला आवडलेला. फोटो बघून ती लाजली होती, हे मामींनीच माझ्या बायकोला सांगितलं. सगळं जुळत होतं. फक्त मध्यस्थानं जाताजाता एक खडा टाकला. "बाकी काही न्हाई. मुलाची आई जरा कडक हाय. सोवळ्याची हाय. कुत्रं ओट्यावर चढलं तरी ओटा धुऊन काढते."

मामांच्या घरात त्या रात्री काय झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मामी आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "रविवारी दोन घंटे ही दोघं तुमच्या प्रेसात ठेवाल का? पाहुणे जाईस्तोवर."

ठेवली. ते दोन तास मी जन्मात विसरणार नाही. चिमी दाराशी नाक लावून कण्हत होती. बंडूनं लाल शाईच्या ताटलीत पाय दिला आणि एका वास्तुशांतीच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यावरून सावकाश चालत गेला. पन्नास पत्रिका वाया. समोरच्या घरात पोहे, चहा, हसणं चाललेलं ऐकू येत होतं आणि मी बंडूचे पाय रॉकेलनं पुसत बसलो होतो.

पाहुणे पसंती देऊन गेले. मामा पेढे घेऊन आले. बंडू उड्या मारत गेला, पण चिमी जागची हलली नाही. मामांनी हाक मारली तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मामा हातातला पेढ्यांचा पुडा तसाच धरून माझ्या पायरीवर बसले.

"प्रेसवाले," ते म्हणाले, "इतकी वर्सं मोंढ्यात माप केलं. एका दाण्याची खोट केली न्हाई. आज घरात केली."

"अहो मामा, कुत्री बाजूला ठेवली फक्त. त्यात काय एवढं?"

"विहीणबाईंनी इचारलं, घरात कोण कोण असतं. मी म्हणलो, आमी तिघंच." त्यांचे डोळे भरले होते.

आठवड्यानं लग्नाची पत्रिका छापायला आले. मजकूर लिहून आणला होता. देवाची नावं, वधू-वर, मुहूर्त, स्थळ, सगळं नीट. आपल्याकडे पत्रिकेच्या तळाशी घरातल्या पोराटोरांची नावं असतात, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' म्हणून. तिथं मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं! – कु. चिमी, चि. बंडू.'

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मामा, हे काय?"

"छापा."

"अहो, पण विहीणबाई..."

"तोंडानं सांगायची हिंमत न्हाई वो माझ्यात. म्हणून छापायलोय. वाचतील आन् समजंल त्यांना. लगीन मोडायचं तर आत्ताच मोडू द्या. पोर तिथं गेल्यावर कळलं तर तिलाच बोल लागंल."

मामी तावातावानं धावत आल्या. नवराबायकोचं माझ्या मशिनीसमोर भांडण झालं. मामी म्हणाल्या, "पोरीचं वाटोळं करायलाव तुमी, कुत्र्यांपायी!" मामा म्हणाले, "कुत्र्यांपायी न्हाई, खोट्यापायी व्हईल." शेवटी पत्रिका छापली गेली. खरं सांगतो, मी इतक्या पत्रिका छापल्या, पण एवढी छाती धडधडून एकही छापली नाही.

पत्रिका सेलूला पोचली. दोन दिवस गेले, चार गेले. तिकडून काहीच नाही. मामांचं जेवणात लक्ष नव्हतं. सातव्या दिवशी मामींना विहीणबाईंचा फोन आला. साड्या, हार, मानपान असं सगळं बोलणं झालं आणि शेवटी त्यांनी विचारलं, "आवो, चिमी केवढी हाय?"

मामींच्या तोंडचं पाणी पळालं. "सहा वर्षांची," त्या म्हणाल्या.

"आन् बंडू?"

"चार."

"बरं बरं," म्हणून फोन ठेवला. मामींनी घाईघाईनं मामांना सांगितलं की विहीणबाईंना सगळं समजलंय, वयसुद्धा विचारलं, रागावल्या नाहीत. मामांनी त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या. आम्ही सगळेच निवांत झालो. वय विचारणारीला काय समजलंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. कार्यालय पाहुण्यांनी भरलेलं. अक्षतांना अजून तासभर होता, मानपानाचा कार्यक्रम चालला होता. विहीणबाई उंच, गोऱ्या, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. आवाज असा, की सनईवाला आपोआप थांबावा. मामींना साडी दिली, मामांना टॉवेल-टोपी दिली, आणि मग पिशवीतून दोन खोकी काढली. एकात झालरीचा पिवळा फ्रॉक. दुसऱ्यात छोटा शर्ट-पँट, वर चिमुकला बो.

"बोलवा की लेकरं," त्या म्हणाल्या. "कवाधरनं बघायलेय, दिसंनात कुठं."

मामींनी मामांकडे बघितलं. मामांनी त्या फ्रॉककडे. मी खांबाशी उभा होतो. मला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

मामा उठले. कार्यालयाच्या मागं, पाण्याच्या टाकीशी बांधलेल्या दोघांच्या साखळ्या सोडल्या आणि भरल्या मंडपातून त्यांना घेऊन आले. लोक बाजूला होत गेले. चिमीच्या गळ्यात झेंडूची माळ होती, सुवर्णानं घातलेली.

"विहीणबाई, ही लेकरं," मामा म्हणाले. आवाज थरथरत होता पण थांबला नाही. "तुमी आलात त्या दिवशी लपवून ठेवली व्हती. खोटं मी बोललो. पोरीचा गुन्हा न्हाई. काय बोलायचं ते मला बोला, तिला काही लावून घेऊ नका."

आतल्या खोलीच्या दारात सुवर्णा मुंडावळ्या बांधून उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक.

विहीणबाई मामींकडे वळल्या. "तुमी तर म्हणलाव, सहा वर्षांची हाय."

"सहाचीच हाय वो," मामी रडवेल्या होऊन म्हणाल्या.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. विहीणबाई हसल्या नाहीत. मामांना म्हणाल्या, "घरात येतेत?"

"येतेत."

"सैपाकघरात?"

मी मनात म्हटलं, मामा, आता तरी नाही म्हणा. मामा म्हणाले, "तिथंच झोपतेत."

"आन् लपवलं कामून?"

"तुमच्या भ्यानं."

"मी काय वाघ हाय का?" विहीणबाई कडाडल्या. चिमी त्यांच्या पायाशी जाऊन बसली होती आणि त्यांच्या नऊवारीचा काठ हुंगत होती. विहीणबाईंनी पाय मागं घेतला नाही. बराच वेळ त्या फ्रॉककडे बघत राहिल्या. मग एकदम पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. बाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं बाई, बाजारातली तीन दुकानं फिरले मी ह्या फ्रॉकापायी!"

मग जे हसू फुटलं मंडपात, ते अक्षता पडेपर्यंत थांबलं नाही. आणलेला आहेर परत न्यायचा नसतो, म्हणून चिमीला फ्रॉक आणि बंडूला शर्ट घातला गेला. पँट त्यानं घालू दिली नाही. सगळ्या फोटोंत तो बो लावून उभा आहे, अत्यंत नाराज.

संध्याकाळी पाठवणीला सगळे रडले. मुलीसोबत सासरी जायला पाठराखीण म्हणून मामांची भाची ठरली होती, ती नेमकी तापानं आडवी झाली. दुसरी कुणी तयार नव्हती. ही चर्चा चालू असताना चिमी गाडीत चढून सुवर्णाच्या पायाशी बसलेली. मामा तिला ओढायला वाकले तर पुढच्या सीटवरून विहीणबाईंचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या. पाठराखीण कुणीतरी पायजेच की. पाच दिवसांनी येऊन घेऊन जावा. सैपाकघरात मात्र घेणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवते."

पाचव्या दिवशी मामा सकाळच्या एस.टी.नं सेलूला गेले. पिशवीत चिमीची साखळी होती. त्या पाच दिवसांत त्यांनी मला किमान पन्नास वेळा विचारलं होतं, "जेवत आसंल का वो तिथं?" सुवर्णाबद्दल विचारत होते की चिमीबद्दल, हे मी विचारलं नाही.

दुपारी चार वाजता मामा परत आले. एकटे. मी मशीन बंद करून बाहेर आलो. बंडू फाटकाशी उभा होता.

"चिमी कुठंय मामा?"

मामा पायरीवर बसले. टोपी काढली. "साखळी काढली व्हती वो मी पिशवीतून. विहीणबाई म्हणल्या, पोरगी मधीच गप बसून ऱ्हाते. माहेराची आठवण येती तिला. ही जवळ जाऊन बसली की बोलायला लागती. आनिक थोडं ऱ्हाऊ द्या."

"मग?"

"मग काय. ठेवून आलो."

या लग्नाआधी चिमीला सोडून हा माणूस कधी एक रात्रही राहिला नव्हता. मी पाण्याचा तांब्या आणून दिला. ते घटाघटा प्याले, तोंड पुसलं.

"रमली का तिथं?" मी विचारलं.

"दोघी बी रमल्यात," मामा म्हणाले आणि हसले.

बंडूनं पिशवी हुंगली, साखळी हुंगली, मग फाटकाबाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. मामांनी त्याला हाक मारली. तो आला नाही. मग मामाच उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कुणीही येणार नाही हे ठाऊक असून त्याच्यासोबत रस्त्याकडे बघत उभे राहिले.