गोलपोस्टमागचे अंकल

सिंगापूरला पीएचडी करताना मी युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होतो. त्या सीझनमध्ये आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. तरी प्रत्येक मॅचला एक म्हातारे चिनी अंकल माझ्या गोलपोस्टमागे स्टूल टाकून बसायचे. हाफटाइमनंतर बाजू बदलली की स्टूल उचलून पुन्हा माझ्यामागे यायचे. आमच्यावर गोल झाला की जाळीतला बॉल काढून, शर्टाला पुसून माझ्या हातात द्यायचे.

शेवटची मॅच बिशानच्या मैदानावर होती. बॉल पलीकडे असताना मी विचारलं, "अंकल, यातला तुमचा मुलगा कोणता?"

"कुणीच नाही," ते हसून खास सिंगापुरी ढंगात म्हणाले. "जिंकणाऱ्यांकडे माणसं पुष्कळ असतात, लाह."

तेवढ्यात आमचा गोल झाला. सीझनमधला पहिलाच! सगळे नाचायला लागले. अंकल मात्र डोळे बारीक करून बघत राहिले.

"काय झालं? मला इतकं लांबचं दिसत नाही."

मॅच आम्ही चार-एकने हरलो. नंतर मी त्यांच्याशेजारी गवतावर बसलो आणि पहिल्या पासपासून तो गोल त्यांना सांगितला. ते मान हलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितला, जरा लांबवून.